तांब्यावरची खूण

“आणि ती निकामी कधीपासून आहे?”

बापूंनी हे इतक्या सहज विचारलं, की विश्वजितला वाटलं, ते मठाच्या ओसरीतल्या मोडक्या खुर्चीबद्दल बोलताहेत.

“कोण?”

“किडनी रे. आत्ताच म्हणालास ना, पारव्वाच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्यात म्हणून. कधीपासून?”



खरं तर प्रश्न त्याने विचारायचे आणि इतरांनी गप्प बसायचं, अशी त्याला सवय. डॉक्टर विश्वजित नलवडे म्हणजे किडनीच्या आजारांतला तज्ज्ञ. परीक्षेत विद्यापीठात पहिला. आठ महिन्यांपूर्वी तालुक्याच्या गावातल्या एका खाजगी हॉस्पिटलात रुजू झाला, तेव्हा नावापुढच्या पदव्या मावाव्यात म्हणून पाटी मुद्दाम लांबट करून घेतली होती. माणूस वाईट नव्हता. फक्त आपल्याला सगळं कळतं, हे त्याला जरा जास्तच कळलेलं होतं.

आणि बापू म्हणजे डॉक्टर मल्लिकार्जुन हुक्केरी. वय ब्याऐंशी. नुसते एमबीबीएस. सीमेलगतच्या नंदीहाळ गावात, मठाच्या आवारातल्या दोन खोल्यांत, पंचावन्न वर्षं दवाखाना चालवत होते. लग्न केलं नाही. जेवण मठात, झोप मठात. गळ्यातल्या इष्टलिंगाशेजारीच स्टेथोस्कोप लोंबायचा. गावाच्या लेखी ते डॉक्टर कमी आणि गुरू जास्त. बापूंनी सांगितलं म्हणजे विषय संपला.

विश्वजित त्यासाठीच आला होता. शिकायला नव्हे. बापूंचा शब्द वापरायला.

“बापू, कधीपासून ते आत्ता महत्त्वाचं नाही. काल संध्याकाळी तिला ॲडमिट केलं. क्रिएटिनिन सहा पॉइंट चार.”

क्रिएटिनिन म्हणजे रक्तातला जो कचरा किडनीने बाहेर टाकायचा असतो, त्याचा आकडा. धडधाकट माणसाचा एकाच्या आसपास असतो.

“त्यात हृदय आधीच अधू. सकाळी राउंडला मी स्पष्ट सांगितलं, किडन्या निकामी झाल्यात, आता आयुष्यभर डायलिसिस. दुपारी सही करून घरी निघून आली. आता खाटेवर पडून मरणाची वाट बघतेय.”

“काय म्हणाली जाताना?”

“म्हणाली… निकामी वस्तू घरात ठेवत न्हाईत.”

 ओसरीच्या कडेला मुंग्यांची रांग चालली होती, ती बापू बघत बसले.

“तुम्ही सांगितलंत तर ती ऐकेल. तिला डायलिसिसला तयार करा, एवढंच मागणं आहे.”

“मागचा आकडा किती होता?”

“मागचा?”

“सहा पॉइंट चार कालचा. त्याच्या आधीचा?”

“…विचारला नाही. पण सोनोग्राफीत दोन्ही किडन्या लहान दिसतात. म्हणजे दुखणं जुनाट. वर्षानुवर्षांचं.”

“जुनाट आहेच.”

“मग झालं तर!”

“म्हाताऱ्या माणसाला ताप येत नाही का रे?”

विश्वजितला हे बोलणं अजिबात आवडलं नाही. एवढ्या वर्षांच्या अभ्यासाला कुणी तापाच्या गोष्टीने उत्तर द्यावं! पण म्हाताऱ्याशी वाद घालून तासभर घालवण्यापेक्षा काम साधलेलं बरं, म्हणून त्याने राग गिळला.

“मागचा आकडा तुम्हाला माहीत असेल तर सांगा ना.”

“मी सांगितला तर तुला माहीत होईल.”

“तेच तर हवंय.”

“तेच नकोय.” बापूंनी चपला शोधायला सुरुवात केली. “गाडी आहे ना तुझी? चल.”

पारव्वाचं घर मठापासून दोन मैलांवर, शेतातच. ऊन चांगलंच होतं, मार्चअखेरचं, पाठीवर टोचणारं. दारात गाडी थांबली तशी सून गौरव्वा पदर सावरत बाहेर आली आणि बापूंना बघून तिला रडूच फुटलं.

“बापू, सकाळपास्नं पाण्याचा घोट न्हाई. दुपारी येऊन लुगडी वाटून टाकली. शेताच्या बांधावरची जागा बी दावली मालकास्नी… हितं पुरा म्हणून.”

आत सोप्यात खाट होती. खाटेवर पारव्वा. चौऱ्याहत्तर वर्षांची. एके काळी बाजारात तिच्याशी घासाघीस करायला माणसं बिचकायची, म्हणे. आता डोळे खोल गेलेले, ओठांना पापुद्रे. पण बापूंना बघताच तिने उठायची धडपड केली.

“पडून राहा,” बापू म्हणाले.

ती पडून राहिली. त्यांनी सांगितलं होतं ना.

विश्वजितकडे तिने पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. सकाळी ज्याने आपल्याला भंगारात काढलं, त्याला कोण चहा विचारतं?

बापूंनी भिंतीकडे बोट केलं. “तिथं बघ.”

भिंतीवर दिनदर्शिका होती. रोजच्या चौकोनात पेन्सिलीने एक एक आकडा. बावन्न. बावन्न. साडेबावन्न. बावन्न. खाली वजनकाटा.

“बापूंनी सांगितल्यालं,” गौरव्वा म्हणाली. “हृदयाचं माणूस हाय, अंगात पाणी साठतंय. रोज सकाळी वजन करून लिवायचं. येक दीस चुकलो न्हाई.”

विश्वजितने पान मागे उलटलं. पाठीमागे लाल शाईत बापूंचं अक्षर. तारखा आणि क्रिएटिनिनचे आकडे. दोन वर्षांपूर्वी एक पॉइंट सहा. मग एक पॉइंट सात. आणि डिसेंबरात, म्हणजे चार महिन्यांमागे… एक पॉइंट सात.

तो थांबला.

एक पॉइंट सात म्हणजे किडनी जुनी, थकलेली, पण चालती. दोन वर्षं त्याच जागी टिकून राहिलेली. ती चार महिन्यांत सहापलीकडे?

त्याने पुन्हा पुढचं पान काढलं. बावन्न. बावन्न. एक्कावन्न. पन्नास. एकोणपन्नास. अठ्ठेचाळीस. साडेसत्तेचाळीस.

“हे काय झालं?” त्याचा आवाज जरा चढला. “आठ दिवसांत साडेचार किलो?”

“जुलाब,” गौरव्वा म्हणाली. “पावण्यांच्या वास्तुशांतीला जेवून आली न् सुरू झालं. सा दीस.”

“सहा दिवस जुलाब! आणि मला का नाही सांगितलंत?”

“तुम्ही इचारलंच न्हाईसा. काय तरास हुतोय, असं इचारलासा. तवा जुलाब थांबल्यालं. गुडगा दुकत हुता, त्ये सांगितलं.”

“तरण्या माणसाला जुलाबाचं कुणी सांगतंय व्हय?” पारव्वा खाटेवरून पुटपुटली. पुटपुटली तरी ठसका होता.

बापू शांतपणे पायाशी बसले होते. विश्वजितला आता राहवेना.

“गुडघ्याला काय घेतलं?”

गौरव्वाने फळीवरून गोळ्यांची पाकिटं आणली. बाजाराच्या दिवशी दुकानातून आणलेली वेदनाशामक गोळी, दिवसाला दोन. विश्वजितने पाकीट पाहिलं आणि कपाळाला हात लावला. म्हाताऱ्या किडनीचा रक्तपुरवठा आवळायला ही गोळी पुरेशी होती.

“आणि लघवीची गोळी? रक्तदाबाची?”

“येक बी चुकली न्हाई! बापूंच्या गोळ्या हाईत त्या, चुकतील कशा?”

म्हणजे एका बाजूने जुलाबात पाणी जात होतं, दुसऱ्या बाजूने लघवीची गोळी पाणी काढत होती. रक्तदाबाची गोळी दाब उतरवत होती आणि वेदनाशामक गोळी उरलेली वाट आवळत होती. सगळी औषधं आपापलं काम चोख करत होती. बाईच तेवढी वाळत चालली होती.

विश्वजित एकदम उजळला. चूक सापडल्याचं त्याला कायम सुख होई, अगदी स्वतःची असली तरी.

“बापू, ही तर किडनी अचानक फेल झालीय! जुनाट नाहीच. पाणी मिळालं, गोळ्या थांबल्या, की पूर्ण बरी होईल!”

“सकाळी कायमची निकामी होती,” बापू म्हणाले. “आता पूर्ण बरी. तुझ्याकडे मधलं काही मिळत नाही का रे?”

गौरव्वा पदराआड हसली. विश्वजित ओशाळला.

“जुनं दुखणं आहे, हे तू बरोबर ओळखलंस,” बापू म्हणाले. “नवं दुखणं आहे, हेही बरोबर ओळखलंस. फक्त दोन्ही वेळा तू एकाच्या पायी दुसऱ्याला घराबाहेर काढलंस. दोघंही इथंच राहताहेत… एकाच खाटेवर.”

मग त्यांनी विश्वजितचा हात धरून पारव्वाच्या नडगीवर ठेवला.

“दाब.”

त्याने दाबलं. खळगा पडला नाही. सूज नव्हतीच.

“मानेची शीर बघ.”

शीर सपाट होती.

“काखेत हात घाल.”

विश्वजित चपापला. हे कुठल्याशा जाड पुस्तकाच्या कोपऱ्यात त्याने वाचलं होतं खरं, पण करून कधी पाहिलं नव्हतं. गौरव्वाने मदत केली. काख ठणठणीत कोरडी होती, मार्चअखेरच्या उन्हाळ्यात.

“काल का नाही पाहिलंस हे?”

“फाइलवर पहिल्या ओळीत लिहिलं होतं, हृदयाची ताकद पस्तीस टक्के…” विश्वजित खाली बघत म्हणाला. “ते वाचलं आणि वाटलं, अंगात पाणी साठलंच असणार. सलाईन लावायचं धाडस झालं नाही.”

“हं.”

एवढंच. बापूंनी एक शब्द रागाचा काढला नाही. विश्वजितला वाटलं, काढला असता तर बरं झालं असतं.

“आजी,” तो खाटेजवळ वाकला, “आधी थोडं पाणी प्या. मग आपण परत हॉस्पिटलात जाऊ.”

गौरव्वाने भांडं पुढे केलं. पारव्वाने मान फिरवली.

“सकाळपास्नं न्हाई घेतलं, आता कशाला? मरायला सोपं पडतंय पाण्याबिगर.”

“आणि त्याच्या आधी? जुलाब चालू होते तेव्हा? तेव्हा किती पाणी पीत होता?”

“येक तांब्या.”

“दिवसभरात?”

“दीसभरात.”

“सहाही दिवस? एकच तांब्या?”

“खुणेपातुर,” पारव्वा म्हणाली. आणि एवढ्या मरगळीतही तिच्या बोलण्यात अभिमान होता. “जीव चोळामोळा हुत हुता. ही म्हनायची, आत्ती, घ्या की अर्दा पेला, कोन बगतंय? म्या म्हनलं, बापूंनी खूण करून दिलीया. काय बी झालं तरी खुणेच्या वर न्हाई.”



बाहेर गोठ्यातल्या म्हशीने अंग झाडलं, तेवढा आवाज झाला.

विश्वजितने बापूंकडे पाहिलं. आणि पहिल्यांदाच त्याला ते ब्याऐंशी वर्षांचे दिसले.

“तांब्या आण,” बापू गौरव्वाला म्हणाले.

पितळी तांब्या होता. घासून घासून उजळलेला. आत, गळ्याच्या दोन बोटं खाली, खिळ्याने ओढलेली आडवी रेघ. खोल. घासून जाणारी नव्हेच.

बापूंनी तो दोन्ही हातांत धरला. अंगठा रेघेवरून फिरवला.

“चार वर्षं झाली,” ते म्हणाले. “पाय सुजून खांबासारखे झाले होते तुझे. धाप लागून आडवं पडता येत नव्हतं. तेव्हा मी ही रेघ मारली. काय म्हणालो होतो ग?”

“काय बी झालं तरी ह्येच्या वर न्हाई, असं म्हणालासा.”

“काही झालं तरी.” बापूंनी मान हलवली. “रेघ बरोबर होती. पण हे तीन शब्द… हे चुकले.”

विश्वजित घाईने म्हणाला, “बापू, तुमची कसली चूक? हृदयाच्या पेशंटला पाणी मोजूनच द्यायचं असतं. आम्हीही तेच…”

बापूंनी हात वर केला. तो गप्प झाला.

मग बापू उठले. कोपऱ्यातल्या घागरीतून त्यांनी तांब्या भरला. रेघ बुडाली. आणखी ओतलं. काठोकाठ भरला, सांडला, जमीन ओली झाली. तो तांब्या घेऊन ते खाटेशी आले आणि गुडघे कुरकुरत असताना खाली जमिनीवर बसले. तांब्या बाजूला ठेवला. आणि पंचावन्न वर्षं ज्यांच्या पाया गाव पडत आलं, त्या माणसाने पारव्वाच्या पायांवर हात ठेवून ते कपाळाला लावले.

“बापू!” पारव्वा किंचाळलीच. “पाप लावताय व्हय मला? पाय सोडा!”

“पारव्वा, माझं चुकलं.”

“गुरू चुकतोय व्हय कदी?”

“चुकतो.”

ती त्यांच्याकडे बघत राहिली. आधी तिला कळेना. मग कळलं. आणि कळलं तसं विश्वजितला जे दिसलं, ते कुठल्या तपासणीत दिसणारं नव्हतं. खोल गेलेल्या डोळ्यांत हळूहळू राग चढला. चांगला जिवंत, बाजारातला राग.

“मग आदी का न्हाई सांगितलासा? आँ? सा दीस मी घशाला कोरड पडून मरत हुते! ही पोर पाया पडत हुती माझ्या, घ्या म्हणून! तुमच्या शब्दापायी म्या पोरीवर खेकसले! आन् आता येऊन म्हणताय, चुकलं?”

“हो.”

“आवो, मानसानं नीट सांगाय नगो?”

“सांगायला हवं होतं.”

“जीभ टाळूला चिकाटलीया…” तिचा आवाज फाटला. “द्या हिकडं!”

आणि तिने हात पुढे केला.

गौरव्वा तोंडात पदर कोंबून रडू लागली.  विश्वजितने अनेक पेशंट वाचवले होते, पण एखादी बाई जगायला चिडली म्हणून आपल्याला इतका आनंद होईल, असं त्याला कधी वाटलं नव्हतं.

“घोट घोट,” त्याने तांब्याला हात लावला. “एकदम नको आजी. तुमचं हृदय दमलेलं आहे, त्याला झेपेल तेवढंच.”

शेजारची कुणी बाई दारातून शहाळं घेऊन आत आली. आजाऱ्याला शहाळं द्यायची रीतच. विश्वजितने तिला थांबवलं. “शहाळं नको, मावशी. एरवी चांगलं. पण यांच्या रक्तात आत्ता पोटॅशियम वाढलंय, त्याने हृदयाचे ठोके बिघडतात. साधं पाणीच बरं.”

बापूंनी त्याच्याकडे वळून पाहिलं.

“हे माझ्या ध्यानात आलं नसतं,” ते म्हणाले. आणि विश्वजितच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

पारव्वाने चार घोट घेतले. मग थेट विश्वजितकडे बघितलं, पहिल्यांदाच.

“काय वो डाक्टर. मग मी निकामी हाय का न्हाई?”

सकाळी याच प्रश्नावर त्याच्याकडे उत्तर तयार होतं. 

“मला अजून माहीत नाही, आजी,” तो म्हणाला. “सकाळी मला माहीत आहे असं मी सांगितलं, ते चुकलं. तुमच्या किडन्या आधीपासून थकलेल्या आहेत, ते तसंच राहणार. पण आत्ता त्या थकव्यामुळं नाही, तहानेमुळं बसल्यात. उठतील असं मला वाटतं. कदाचित दोन-चार वेळा डायलिसिसचा आधार द्यावा लागेल. कदाचित तोही नाही.”

पारव्वाने विचार केला.

“ह्येला माहीत न्हाई म्हणतोय,” ती बापूंना म्हणाली. “मग जाते ह्येच्यासंगं.”

आणि सुनेला म्हणाली, “धाकल्या लेकीला निरोप धाड. जांभळं लुगडं परत दे म्हणावं. त्येवढं माझ्या आवडीचं हाय.”

त्याच संध्याकाळी तिला हॉस्पिटलात नेलं. लघवीची आणि रक्तदाबाची गोळी थांबवली, गुडघ्याची बंद केली. सलाईन लावलं, पण थेंबाथेंबाने. तासातासाला विश्वजित स्वतः तिच्या पाठीला स्टेथोस्कोप लावून ऐकायचा, छातीत पाणी तर चढत नाही ना. हृदयाला पाणी जास्त झालं तर बुडतं, किडनीला कमी पडलं तर वाळते, आणि पारव्वाला दोन्ही एकाच अंगात सांभाळायची होती.

दुसऱ्या दिवशी आकडा उतरला नाही. उलट चढला. सहा पॉइंट सात.

 विश्वजितने बापूंना फोन लावला.

“वाढलं बापू.”

“लघवी किती झाली?”

“कालपेक्षा… दुप्पट.”

“धाप?”

“नाही. पोटॅशियमही थोडं उतरलंय.”

“ती काय करतेय?”

“शेजारच्या पेशंटच्या सुनेला भाकरीचं पीठ कसं मळायचं ते शिकवतेय.”

“मग आकड्याला येऊ दे की सावकाश,” बापू म्हणाले आणि फोन ठेवला.

आकडा सावकाश आला. तिसऱ्या दिवशी पाच पॉइंट आठ. मग चार. मग तीनच्या आत. डायलिसिस लागलं नाही. नवव्या दिवशी दोन पॉइंट एक झाला, दहाव्या दिवशी एक पॉइंट नऊ, आणि तिथेच थांबला. विश्वजितला वाटत होतं अजून उतरेल, एकावर येईल. मग त्याला दिनदर्शिकेमागची लाल शाई आठवली आणि त्याचं त्यालाच हसू आलं. पारव्वा आपल्या जुन्या घरी पोचत आली होती. त्याच्याआधीच्या घरी तिला नेणं कुणाच्या हातात नव्हतं.

डिस्चार्जच्या कागदावर त्याने पहिल्यांदाच दोन निदानं लिहिली, जुनं आणि नवं, एकाखाली एक. आणि खाली मराठीत, मोठ्या अक्षरांत, गौरव्वाला वाचता यावं म्हणून, जुलाब, उलट्या किंवा ताप आला तर काय करायचं ते. गुडघ्याची गोळी मात्र कधीच नाही, ही शेवटची ओळ त्याने दोनदा अधोरेखित केली.

त्यानंतरच्या सोमवारी तो नंदीहाळला गेला. पारव्वाला बघायला, असं त्याने स्वतःला सांगितलं होतं. पण गाडी आधी मठाकडे वळली.

ओसरीवर तांब्यांची रांग होती. पितळी, तांब्याचे, स्टीलचे. एकोणीस. प्रत्येकामागे त्याचा मालक नाहीतर मालकीण. सगळे साठीच्या पुढचे, सगळे हृदयाचे पेशंट, आणि प्रत्येक तांब्यात बापूंच्या हातची रेघ. बापूंनी गावोगाव निरोप पाठवून सगळ्यांना बोलावून घेतलं होतं. ते एकेकासमोर बसत होते. गुडघे कुरकुरत होते. आणि एकच गोष्ट एकोणीस वेळा सांगत होते, जणू प्रत्येक वेळी नवीच आहे.

“रोज ही खूण पाळायची. पण जुलाब झाले, उलट्या झाल्या, ताप आला, जेवण गेलं… तर त्या दिवशी खूण नाही. लघवीची गोळी घ्यायची नाही. आणि लगेच मला कळवायचं. त्याच दिवशी. मी नसलो तर तालुक्याला. काय करायचं?”

“खूण न्हाई. गोळी न्हाई. लगीच कळवायचं.”

“आणि मी चुकलो होतो, हेही घरी सांगायचं.”

हे मात्र कुणी मोठ्याने म्हणत नव्हतं.

विश्वजित खांबाला टेकून ऐकत उभा राहिला. शेवटचा म्हातारा आपला तांब्या घेऊन गेला, तेव्हा ऊन कललं होतं. बापू पाठ टेकून बसले. दमले होते.

“पारव्वा कशी आहे?” त्यांनी विचारलं.

“एक पॉइंट नऊ. वजन एक्कावन्न. जांभळं लुगडं परत मिळालंय.” विश्वजित हसला. मग हसू मावळलं. “बापू… मी त्या दिवशी तुमच्याकडे आलो नसतो तर?”

बापू आपले गुडघे चोळत होते.

“मी तिला मारलंच होतं. एका शब्दाने.”



विश्वजित पुढे आला. लांबट पाटीचा, पहिल्या नंबराचा, किडनीच्या आजारांतला तज्ज्ञ. त्याने चपला काढल्या आणि ओसरीवर बापूंच्या पायाशी बसला. मनापासून बसला.

“मला तुमच्या हाताखाली घ्या. आठवड्यातून एक दिवस येत जाईन. जे शिकवाल ते शिकेन. आणि खरं सांगतो बापू, यापुढे काही झालं तरी तुमच्या शब्दाबाहेर जाणार नाही.”

बापूंनी त्याच्याकडे पाहिलं.

“पारव्वाही गेली नव्हती.”